आगरतळ्याहून तीन तास

"थांबा, बघून सांगतो," असं म्हणत महेंद्र गमरेने खिशातून मोबाइल काढला, तेव्हाच कुणीतरी तो त्याच्या हातातून काढून घ्यायला हवा होता. पण चिंचखोलच्या बौद्धवाडीत महेंद्रच्या मोबाइलला मान होता. तो रत्नागिरीला सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. रोज सकाळी इस्त्रीच्या शर्टात एसटीने जायचा आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला अंगठा दोनदा फिरवून उत्तर द्यायचा. आंब्याचं कलम कधी धरतं, लांज्याला काजूगराचा भाव काय, गुडघा दुखत असेल तर चालावं की बसावं, विचारायचा अवकाश! उत्तर बरोबर निघालं की लोक म्हणायचे, "बग, सांगलान व्हता ना महेंद्रान!" चुकलं तर कुणी काहीच म्हणायचं नाही. त्यामुळे आपलं कधी चुकतच नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होऊन बसली होती.

सभा भरली होती नव्या विहारात. चिऱ्याच्या भिंतींना अजून रंग लागायचा होता. एका बाजूला गावकी सतरंजीवर बसलेली, आणि दुसऱ्या बाजूला मुंबईकर मंडळ एका मोबाइलच्या पडद्यात बसलेलं. तो मोबाइल एका नारळाला टेकवून उभा केला होता, आणि त्यातून मंडळाचा सेक्रेटरी अजिंक्य, महेंद्रचा मावसभाऊ, बोलत होता.

विषय असा होता. माघी पौर्णिमेला विहाराचं उद्घाटन. त्यासाठी थेट आगरतळ्याहून भन्ते शीलबोधी येणार होते. महेंद्रची आणि त्यांची ओळख नागपूरची, भन्ते तिथे शिकायला होते तेव्हाची. त्यांना बोलावलं महेंद्रने, आणि ते हो म्हणाले. आता प्रश्न एवढाच की त्यांनी निघायचं कधी. कारण भिक्खूंचा नियम कडक. मध्यान्ह टळली की अन्नाला हात लावायचा नाही. भोजनदान व्हायचं तर ते दुपारच्या आतच व्हायला हवं होतं.

"सिंपल आहे, दादा," नारळाजवळून अजिंक्य म्हणाला. "भन्तेजी आदल्या दिवशी मुंबईत उतरतील. आम्ही त्यांना रात्रीच्या गाडीत बसवतो. पहाटे रत्नागिरी. विषय संपला."

विषय इथे खरोखरच संपायला हवा होता. पण 'आम्ही बसवतो' हे महेंद्रला खटकलं. गावातलं लग्न असो, जयंती असो, ठरवणार मुंबईकर, आणि मांडवाच्या मेढी पुरणार गावकी. त्याने अंगठा फिरवला. एक साइट उघडली. दोन शहरांची नावं टाकली की मधलं अंतर आणि वेळ सांगणारी.

"तुम्हा मुंबईकरांना मुंबईशिवाय रस्ताच दिसत नाही," तो घसा साफ करून म्हणाला. "हे बघा. आगरतळा ते रत्नागिरी. हवाई अंतर दोन हजार किलोमीटर. विमानाने लागणारा वेळ, तीन तास. सकाळी सातला निघाले तर दहाला रत्नागिरीत. रात्रीची गाडी कशाला नि जागरण कशाला?"

गावकीचे अध्यक्ष राजारामतात्या गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकले. "रत्नांग्रीत इमान येता?"

"तात्या, विमानतळाची नवी इमारत तुम्ही बघितलीत की नाही?"

"इमारत बगली."

"मग? विमानतळावर विमान नाही येणार, तर काय एसटी येणार?"

लोक हसले. तात्याही हसले, पण जरा उशिरा. महेंद्र सरकारी माणूस, त्याला आतलं काहीतरी ठाऊक असणार, असं ज्याने त्याने मनाशी धरलं. फक्त त्याची आई, येसूबाई, भिंतीला टेकून बसली होती ती म्हणाली, "मी आखा दिवस शेतात असतंय. आजून एक इमान खाली येताना दिसला नाय."

"आये, तू खाली बघून काम करतेस," महेंद्र म्हणाला. पुन्हा हशा झाला, आणि येसूबाईने पदर सारखा केला.

खरं तर या सगळ्यात जिवाला लावून घेण्यासारखं कुणाचं काही असेल तर ते तिचं. विहाराची जागा तिच्या नवऱ्याने दिलेली. पायाचे दगड वाहायला ती स्वतः गेली होती. नवरा विहार बघायला राहिला नाही. तेव्हा तिने एकच गोष्ट मागून घेतली होती, की आपल्या शेतातल्या भाताचा पहिला घास भन्तेंच्या पात्रात आपल्या हातून पडावा. त्यासाठी तिने यंदाच्या भातातलं एक पोतं बाजूला काढून त्याला हात लावू दिला नव्हता. "येवडा माज्या हातना व्हऊ दे," ती सुनेला म्हणायची, "मग मना काय नको."

पुढच्या आठवड्यात मुंबईहून बॅनर आला. त्यावर भन्ते होते, विहार होता, आणि वरच्या कोपऱ्यात एक भलंमोठं विमान होतं. 'आगरतळा ते रत्नागिरी थेट विमानाने आगमन!' खाली महेंद्रचा फोटो आणि 'मार्गदर्शक'. अजिंक्यने वाकडेपणाने केलं की सरळपणाने, कळायला मार्ग नव्हता. बॅनर हायवेच्या फाट्यावर लागला. एसटीतून येता-जाता महेंद्र मान वळवून तो बघायचा.

उलगडा झाला तो त्याच्या बायकोमुळे. आम्रपालीचं माहेर दापोली. तिथे रेल्वे नाही, आणि एसटीने जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. एका संध्याकाळी ती भाकरी थापताना सहज म्हणाली, "अवो, तुमच्या त्या साइटवर दापोलीचं बघा ना. आईकडे जायला काही बरं निघतं का."

महेंद्रने मोठ्या उत्साहाने टाकलं. लांजा ते दापोली. साइटने क्षणात उत्तर दिलं. "विमानाने पंचेचाळीस मिनिटं!"

"अगोबाई!" आम्रपालीचा हात थांबला. "पण लांज्यात विमान बसतं कुठं? आणि दापोलीत उतरतं कुठं? कृषी विद्यापीठाच्या बागेत?"

महेंद्र हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. त्याने घाईघाईने पुन्हा टाकलं. चिंचखोल ते लांजा. साइट म्हणाली, विमानाने तेहतीस मिनिटं. चिंचखोलला तर एसटीसुद्धा फाट्यावरच थांबते, आणि तिथून लांजा वीस मिनिटांवर. त्या साइटला विमानाशी काही देणंघेणंच नव्हतं. दोन ठिकाणांमध्ये ती एक सरळ रेघ ओढायची, आणि त्या रेघेवरून विमान गेलंच, तर किती वेळ लागेल तेवढं सांगायची. विमान आहे की नाही, हे तिने कधी म्हटलंच नव्हतं. ते महेंद्रने म्हटलं होतं, भर सभेत, घसा साफ करून.

"काय झालं? तव्याकडं बघा जरा, भाकरी करपतेय," आम्रपाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून सुटून तो विमानतळाच्या गेटवर गेला. गेटवरच्या पहारेकऱ्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"प्रवासी विमान? अजून सुरू व्हायचंय, साहेब. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"नाही, मी आपलं सहज विचारलं," महेंद्र म्हणाला, आणि कानाच्या पाळ्या तापलेल्या घेऊन परत फिरला. परतीच्या एसटीत तो बॅनरच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीत बसला.

तेव्हाच वाडीत जाऊन "चुकलं माझं" असं म्हटलं असतं तर चहाच्या एका कपात प्रकरण मिटलं असतं. महेंद्रने ते वाक्य घोळवून पाहिलं. अंघोळ करताना जमलं. तात्यांच्या दारात उभा राहिला तेव्हा मात्र "तात्या, मांडवाचे बांबू आले का?" एवढंच तोंडातून निघालं. आणि डोळ्यांसमोर सारखा तो नारळाला टेकवलेला मोबाइल यायचा. अजिंक्य काय म्हणेल? "दादा, रात्रीची गाडी म्हणालो होतो ना मी?" नको रे बाबा. त्यापेक्षा धरणीने पोटात घेतलेलं बरं.

मग त्याने एक बेत केला. कुणाला पत्ता लागू न देता भन्तेंनी आदल्या दिवशी मुंबईत उतरायचं आणि रात्रीच्या गाडीने यायचं. थोडक्यात, अजिंक्यने सांगितलं होतं अगदी तेच. पहाटे स्टेशनवरून त्यांना कचेरीतल्या एका मित्राच्या घरी न्यायचं, आणि दहाच्या सुमारास रिक्षाने विमानतळाच्या गेटपाशी सोडायचं. तिथे वाडी लेझीम घेऊन उभी असेलच. माणूस विमानतळाच्या बाजूने आला की तो विमानातून आला, असंच लोक धरून चालतील.

त्याने आगरतळ्याच्या विहारात फोन लावला. भन्तेंचं मराठी नागपूरला पिकलेलं होतं.

"चालते नं, काही हरकत नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही तर तीन तास म्हणाले होते."

"ते... हवेत तीन तास, भन्ते. जमिनीवर जरा जास्त लागतात."

भन्तेंना खोटं बोलायला सांगता येत नाही, एवढं तारतम्य महेंद्रपाशी शिल्लक होतं. म्हणून त्यांना कुणी काही विचारूच नये अशी तजवीज करायची त्याने ठरवली. वाडीभर सांगत सुटला की लांबच्या प्रवासानंतर भन्ते मौनात असतात, प्रवासाबद्दल विचारलेलं त्यांना आवडत नाही. हे दुसरं खोटं. पहिलं निदान अज्ञानातून झालं होतं.

पौर्णिमेच्या दिवशी तो अंधारातच उठला. "विमानतळावरच्या पासबिसचं बघायला पुढं जातो," असं सांगून निघाला. येसूबाई तेव्हाच चुलीपाशी होती. तिने पातेल्यात तांदूळ धुऊन ठेवले होते, कुळथाचं पीठ चाळून ठेवलं होतं, खिरीला नारळाचा रस काढत होती. पांढरं लुगडं नेसून तयार. "येल ना रं येळेत?" तिने विचारलं.

"दहाला गेटवर, आये. शंभर टक्के," महेंद्र म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता चपला घातल्या.

स्टेशनवर कळलं की वाटेत कुठेशी एक मालगाडी बंद पडली आहे आणि भन्तेंची गाडी तिच्यामागे उभी आहे. महेंद्रने एक चहा घेतला. मग दुसरा. आठ वाजले, नऊ वाजले. फलाटावरच्या कुत्र्याने त्याला ओळखायला सुरुवात केली. दहाला फोन वाजला.

"दादा, आम्ही गेटवर पोचलो," अजिंक्य म्हणाला. मुंबईकर आदल्या रात्रीच येऊन उतरले होते. "लेझीमवाले, पंचशील ध्वज, सगळे. आकाशात काही दिसत नाही पण."

"ढग असतील."

"ढग? दादा, इथे डोक्यावर ऊन मावत नाहीये."

एवढ्यात महेंद्रच्या डोक्यावरचा भोंगा गरजला, 'यात्रीगण कृपया ध्यान दें.' त्याने फोन छातीशी दाबला, पण उशीर झाला होता.

"दादा, तिकडे स्टेशनसारखा आवाज येतोय."

"विमानतळावर पण तीच बाई असते," महेंद्र म्हणाला, आणि फोन बंद केला. तिसरं खोटं. आता ती मोजण्यात अर्थ नव्हता.

पुढचा फोन आला तेव्हा मागे लेझीम दणाणत होती. "दादा, आलं! छोटंसं आहे, पण आलं! फुलं उधळली आम्ही!" आणि थोड्या वेळाने, पडलेल्या आवाजात, "दादा, ते उतरायला नव्हतं आलं. उडायला निघालं होतं. कुणाचं काय माहीत. गेटवरचा माणूस विचारतोय की आम्ही कोण."

अकरा वाजले. आता मात्र महेंद्रची पाचावर धारण बसली. गेटवरचं नाटक गेलं खड्ड्यात. भन्ते दुपारच्या आत विहारात पोचणं, एवढंच आता महत्त्वाचं होतं. डोळ्यांसमोर बॅनर नव्हता की अजिंक्य नव्हता, फक्त ते बाजूला काढून ठेवलेलं भाताचं पोतं होतं. त्याने अजिंक्यला सांगितलं, "तुम्ही सगळे विहारात जा. मी भन्तेंना घेऊन परस्पर येतो." कसं, कुठून, ते सांगितलं नाही.

गाडी आली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. भन्ते उतरले, गोल चेहऱ्याचे, ठेंगणे, खांद्याला एक झोळी. रात्रभर अवघडून बसल्यामुळे जरा लंगडत होते, पण हसत होते. महेंद्रने वाकून वंदन केलं आणि जवळजवळ उचलूनच त्यांना रिक्षात बसवलं. चिंचखोल अर्ध्या तासाच्या वाटेवर. म्हणजे पोचेपर्यंत बारा टळणार. भन्तेंनी डोळे मिटून घेतले. झोपले की ध्यानाला बसले, ते कळेना.

आणि इथे महेंद्रने ते केलं, ज्याची त्याला पुढे जन्मभर लाज वाटायची होती. विहारात एक घड्याळ होतं, त्यानेच दिलेलं. खाली 'महेंद्र गमरे यांजकडून सप्रेम' असं लिहिलेलं. त्याने आम्रपालीला फोन लावला आणि रिक्षाच्या आवाजाआड पुटपुटला, "विहारातलं घड्याळ अर्धा तास मागे कर."

"काय करू?"

"मागे. काटा. कुणाचं लक्ष नसताना."

"विहारात?" आम्रपाली म्हणाली. "आज?"

"आयेसाठी गं," तो म्हणाला. हे खरंही होतं, आणि त्यामुळेच जास्त लाजिरवाणं होतं. आम्रपालीने फोन ठेवला.

भन्तेंकडे घड्याळ नव्हतं की मोबाइल नव्हता, ते महेंद्रने आधीच पाहून घेतलं होतं.

रिक्षा विहारापाशी पोचली तेव्हा मोबाइलवर बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस मिनिटं कमी होती. आम्रपाली दाराशी उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. लेझीम वाजली, फुलं पडली, लोक रांगेने बसले. येसूबाई सगळ्यात पुढे, झाकलेलं पातेलं मांडीशी धरून. अजिंक्य मोबाइल उंच धरून सगळं मुंबईला थेट दाखवत होता.

भन्ते आसनावर बसले आणि रीतीप्रमाणे आधी पंचशील घ्यायला सुरुवात झाली. सगळी वाडी त्यांच्यामागून म्हणत होती. पहिलं शील, दुसरं, तिसरं, महेंद्र खणखणीत आवाजात म्हणत होता. लहानपणापासून पाठ. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. त्याची नजर नकळत घड्याळाकडे गेली, खालच्या आपल्या नावाकडे गेली. ओठ नुसते हलले. शेजारी बसलेली आम्रपाली ते चौथं शील जरा जास्तच मोठ्याने म्हणतेय असं त्याला वाटलं.

पंचशील संपलं. येसूबाईने पातेल्यावरचं झाकण काढलं. वाफ वर आली.

भन्ते उठले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग दारातून बाहेर बघितलं, आणि अंगणात गेले. सगळ्यांनी माना वळवल्या. अंगणात ध्वजाचा उंच खांब होता. भन्ते त्या खांबाच्या सावलीशी उभे राहिले, सावली पडली होती त्या दिशेला पाहिलं, आणि एका पोक्त माणसाला त्यांनी विचारलं, "समुद्र कोणत्या बाजूला आहे?" त्याने हात केला. भन्तेंनी मान हलवली आणि आत आले.

"तुमचं घड्याळ मागं आहे," ते म्हणाले. "अर्धा तास तरी."

येसूबाईचा हात पातेल्यावरच थांबला. महेंद्र चटईच्या काड्यांकडे बघत होता, त्यांतल्या एखाद्या काडीआड लपता येतं का, असं.

"पण सूर्यही मागंच आहे," भन्ते हसून पुढे म्हणाले. "आमचा नियम घड्याळाचा नाही, सूर्याचा. तो माथ्यावर यायच्या आत जेवायचं. आमच्या आगरतळ्याला तो केव्हाच माथ्यावर येऊन गेला. तुम्ही पडले पश्चिमेला. इथं खांबाची सावली अजून समुद्राकडंच कललेली आहे, म्हणजे सूर्य डोंगराकडंच आहे. आगरतळ्याहून रत्नागिरीला यायला त्यालाही तासाच्या वर लागतो. अजून वेळ आहे. आई, काहून घाबरता? वाढा."

येसूबाईला बोलण्यातलं किती कळलं कुणास ठाऊक, पण 'वाढा' कळलं. तिने पहिला घास भन्तेंच्या पात्रात घातला, आपल्या शेतातल्या भाताचा, आपल्या हाताने. मग पदराने डोळे पुसले आणि दुसरा वाढला. सगळ्या वाडीने साधु साधु म्हटलं. महेंद्रच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण ते कसलं, हे त्यालाच नीट सांगता आलं नसतं. घड्याळ मागे केलं नसतं तरी हे असंच झालं असतं. उलट ते मागे केलं नसतं तर बरं झालं असतं.

भोजन झालं. भन्ते हात धुऊन निवांत बसले, आणि अजिंक्य मोबाइल घेऊन पुढे सरकला. मौनाबिनाचं तो विसरलाच. "भन्तेजी, विमानप्रवास कसा झाला? मुंबईची मंडळी ऐकतायत."

"छान झाला," भन्ते म्हणाले. "मुंबईपर्यंत. पुढं रेल्वेनं आलो. रात्रभर बसून. आत्ता साडेअकराला पोचली नं गाडी."

अजिंक्यने मोबाइल महेंद्रकडे वळवला. "मग दादा, आम्ही गेटवर सकाळपासून कुणाची वाट बघत होतो?"

महेंद्र उभा राहिला. एक स्टूल ओढलं, त्यावर चढला, घड्याळ खाली काढलं आणि सगळ्यांच्या देखत काटा अर्धा तास पुढे केला. ते परत टांगताना खिळा काही सापडेना. शेवटी भिंतीकडेच तोंड करून तो बोलला, आणि बोलताना कचेरीतलं मराठी कुठे पळून गेलं ते त्यालाच कळलं नाही.

"चुकला माजा. इमान येत नाय रत्नांग्रीत. मना म्हयनाभर आदी कललेला. सांगायची लाज वाटली. घड्याल पन मीच मागं करायला लावला. बायकोचा काय दोष नाय."

राजारामतात्या खाकरले.

"अजिंक्या, ता मोबाइल आदी बंद कर," ते म्हणाले. मग महेंद्रकडे वळले. "खाली उतर, पडशील. आमाला म्हायत व्हता."

"काय म्हायत व्हता?"

"इमान येत नाय ता. तू गेटावर गेलास ना, त्येच्या दुसऱ्या दिशी मी गेलो. गेटावरला मानूस म्हनला, कालच एक सायेब ह्याच इचारून गेले, तोंड येवडासा करून. मी म्हनलो, आमचाच त्यो."

"मग तात्या, मना बोललाव का नाय? आनि आज लेझीम घेऊन तिथं..."

"म्हंबयवाल्यांच्या देखत आपल्या मानसाला खोटा पाडायचा काय?" तात्या म्हणाले. "आमी म्हनलाव, तू भन्त्यांना कसा तरी आनशील. आपून गेटावर जाऊन उबा ऱ्हावायचा. उनात नाचलाव तेवडा. गुडगा आजून दुकतोय माजा." आणि आवाज खाली आणून त्यांनी जोडलं, "तुज्या आयेनच सांगलान. जेवान ऱ्हायला तर ऱ्हायला, पन माज्या पोराला चार मानसात कोन काय बोलू नका, म्हनली."

महेंद्र स्टुलावरून उतरला, पण उतरून कुठे बघावं ते त्याला कळेना. म्हणजे पहाटे चुलीपाशी बसून तिने 'येल ना रं येळेत?' असं विचारलं होतं, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. सुगीपासून जपलेलं पोतं तिने त्याच्या अब्रूसाठी पणाला लावलं होतं, आणि हा शंभर टक्के म्हणून चपला घालून निघाला होता. त्याला आजवर कितीदा असं सांभाळून घेतलं असेल? गुडघ्याचं औषध, कलमाची वर्षं, काजूगराचा भाव? चुकलेल्या एकेका उत्तरानंतर गप्प बसलेले चेहरे त्याला आता एकामागून एक आठवायला लागले.

अजिंक्य जवळ आला. तो हसेल, मग सगळे हसतील, असं महेंद्रला वाटलं; तो त्यासाठी तयारही होता. पण अजिंक्य चाचरत म्हणाला, "दादा, खरं सांगू? बॅनर छापायच्या आधी मीही मुंबईत चौकशी केली होती. विमान छापलं ते मुद्दाम, सकाळचे फोन आणि मघाचा प्रश्नही मुद्दामच. म्हटलं, बघू दादा काय करतो." त्याने मान खाली घातली. "आत्ता हे ऐकताना मग मलाच कसंतरी झालं."

पंगती बसल्या. महेंद्र विहाराच्या मागच्या पायरीवर जाऊन बसला. सकाळपासून पोटात दोन चहांखेरीज काही नव्हतं, पण पंगतीत जाऊन बसायचं धैर्य नव्हतं. थोड्या वेळाने येसूबाई आणि आम्रपाली आल्या. आम्रपालीच्या हातात ताट होतं, तोच भात, तीच कुळथाची पिठी. ती ताट खाली ठेवणार, एवढ्यात येसूबाईने तिचा हात धरला.

"थांब. आदी त्येला इचार, किती वाजले."

महेंद्रचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने मान वळवून अंगणातल्या खांबाकडे पाहिलं. सावली समुद्राची बाजू सोडून डोंगराकडे कलली होती.

"दुपार झाली, आये," तो म्हणाला.

"व्हय," येसूबाई म्हणाली. "जेव."